आमच्या टीव्हीवर पांढरा रस्सा

कोल्हापूर, रविवार

मु. राधानगरी येथील प्रिय मित्र पिराजीराव यांस बसलिंगाप्पाचा नमस्कार, शरणु शरणार्थी.

तुमचा गुडघा, वहिनींचा दमा आणि धरणाचं पाणी आपापल्या पातळीला असेल असं धरून लिहितो. इकडे तब्येती ठीक, पण घरात काहीतरी शिजतंय. तुम्ही मटण खाणारे, म्हणून तुम्हालाच विचारतोय.

आमच्या टीव्हीला माझ्याच फोनचं खातं जोडलंय. घरात कुणी काही बघितलं की माझ्या फोनवर तसलंच पुढं येतं. (हे मला कुणी सांगितलं नाही, मीच शोधून काढलं. मोटार रिवायंडिंगसुद्धा मी पुस्तकावरूनच शिकलो, हे तुम्ही जाणताच.) सोमवारी उघडतो तर पांढरा रस्सा. पिराजीराव, आमच्या लिंगायताच्या घरात कधी अंडं फुटलेलं नाही. तपासाचा भाग म्हणून मी तीन व्हिडिओ शेवटपर्यंत पाहिले. तिघांचं खसखशीवरून एकमत नाही. मग पातेली हुंगून बघितली. आमची शांतव्वा दारातच उभी होती, म्हणाली, "ह्यांच्यापरास मांजर परवडलं." तरी बायकोवरचा संशय मी मागे घेतला नाही.

बुधवारी नोंदणी लग्नाला लागणाऱ्या कागदपत्रांवर लेख आला. बरा होता, फक्त साक्षीदारांचा मुद्दा उगाच शेवटी ढकललाय. आमचं लग्न स्वामींनी लावलेलं, ते आता शांतव्वाला कमी पडायला लागलं की काय, या विचारानं मला दिवसभर घास गेला नाही. गुरुवारी एका बाईंचं भाषण आलं, कडक बापाला कसं पटवावं यावर. ते मात्र आवडलं. आमचे वडील आठवले. बापाच्या समोर नको, बाजूला बसा, आधी त्याच्या कामाची चौकशी करा, मग मुद्द्यावर या, असं त्या बाईंचं म्हणणं.

शुक्रवारी आमची शांभवी चहा घेऊन आली आणि बाजूला बसली. "अप्पा, मोटार जळती कशानं वो?"

पोरीनं जन्मात न विचारलेला प्रश्न. एक फेज गेली की काय होतं इथून मी जी सुरुवात केली ती बेअरिंगपर्यंत आलो, चहावर साय धरली, पण तिला मुद्द्यावर येऊ दिलं नाही. उठताना एवढंच म्हणाली, "राधानगरीत सम्राटच्या गोठ्यावरची बी अशीच जळलीती." सम्राट कोण ते तिनं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. विचारलं असतं तर सांगितलं असतं.

तेव्हा हे सगळं त्या फोनवाल्यांचंच कारस्थान आहे, असा माझा निष्कर्ष. टीव्हीचं खातं कालच तोडलं. बाकी तुम्हाला कळलंच असेल. लोभ आहे तसा राहू द्या.

आपला,
बसलिंगाप्पा

ता. क. – तुमच्या गावात सम्राट नावाच्या मुलाचा गोठा कुठं आहे, घर कसं, माणसं कशी, सहज बघून या. माझं नाव नको. मोटार पुन्हा जळली असेल तर मी स्वतः येतो. नसेल जळली तर दुसरं काही निमित्त काढून मला बोलवा, पण लवकर. पोरीला मी फार दिवस बेअरिंगवर थोपवू शकत नाही.

आणखी एक – जाणारच आहात तर त्या मुलाच्या आईंना विचारा, नारळाचं दूध घातल्यावर रस्सा ढळढळा उकळू देतात का. देत असतील तर आत्ताच सोडा म्हणावं, फुटतो. आमची पोरगी पहिल्याच दिवशी तोंडावर चूक दाखवेल, आणि तिचा स्वभाव काही बदलायचा नाही. तो माझा आहे.