तुमची ओहोटी चुकली नव्हती

अण्णा,

त्या दिवशी तुमची ओहोटी चुकली नव्हती, एवढेच मला येथे सिद्ध करायचे आहे. गाडी समुद्राने नेली हे सारे गाव मानते आणि ते खरेही आहे. परंतु समुद्र येईपर्यंत तिला अडवून धरले ते टायरने, आणि तो टायर मी निवडला होता.

आधी जे निर्विवाद आहे ते मांडतो. आपल्या गावाहून रेवसची बोट गाठायची तर डोंगरामागचा रस्ता लांबचा आणि खड्ड्यांचा. म्हणून ओहोटी असली की तुम्ही गाडी पुळणीवर उतरवत होता. टायरची थोडी हवा सोडून ओल्या, घट्ट वाळूवरून उतारू नेणारी ती जुनी मोटार म्हणजे आपल्या घराचे पोट होते. तिच्याहूनही मोठी होती ती तुमच्या शब्दाची पत. पाणी कधी हटेल, कधी फिरेल, हे तुम्ही तिथीवरून सांगत असा. कोळीवाड्यातली माणसेही, चेष्टेत का होईना, आपला अंदाज तुमच्या अंदाजाशी ताडून पाहत. मला तुम्ही आजही पायरीवर बसलेले दिसता. कोणीतरी कुंपणाबाहेरून विचारते आहे आणि तुम्ही चहाचा कप खाली न ठेवता उत्तर देता आहात.

पुढचे दोन्ही टायर झिजून गुळगुळीत झाले तेव्हा मी मुंबईत तर्कशास्त्र शिकत होतो. जुन्या टायरवर जो आकडा आहे तोच आण, असे तुम्ही बजावले होते. तो आकडा पाचशे-सोळा. त्या वर्षांत टायर सहजासहजी मिळत नसत. दुकानदाराकडे सहाशे-सोळा होते; पाचशेसाठी थोडे दिवस थांबा, असे तो म्हणाला. पहिला आकडा रुंदीचा आणि दुसरा रिंगचा, हे मी त्याच्याकडूनच जाणून घेतले. रिंग तीच होती. मी थांबलो नाही. भाऊच्या धक्क्यावरून निघालेली बोट रेवसला लागेपर्यंत माझा युक्तिवाद तयार झाला: रुंद टायर वाळूत कमी रुततो, आपली गाडी वाळूवर चालते, म्हणून आपल्या गाडीला रुंद टायरच योग्य.

तुम्ही सारे शांतपणे ऐकून घेतलेत. अंगणात टायर चढवलेत, स्टिअरिंग दोन्हीकडे पुरते फिरवून पाहिलेत. टायर आणि मडगार्ड यांच्यामध्ये बोटभर जागा राहत होती.

"माणसं बसल्यावर?" तुम्ही विचारलेत.

तेवढा भार स्प्रिंग सहज पेलेल, असे मी ठामपणे सांगितले. स्प्रिंगविषयी मला काहीही ठाऊक नव्हते. तुम्ही हसलात आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून आईला म्हणालात, "ऐकलंस का, वकिलापुढं आता आपलं काय चालायचं?" वादात तुम्ही माझ्याकडून प्रथमच हरला होता आणि त्याचा आनंद तुमच्या चेहऱ्यावर दिसत होता. रिकाम्या गाडीवरून भरलेल्या गाडीचे अनुमान काढणे किती कच्चे आहे, हे मी पुढे आयुष्यभर विद्यार्थ्यांना निरनिराळी उदाहरणे देऊन शिकवले. हे उदाहरण मात्र कधीच दिले नाही.

मी कॉलेजला परत निघालो तो दिवस. पुढे तुमच्याशेजारी मी. मागे सुक्या मासळीच्या टोपल्या घेतलेली एक कोळीण आणि आपल्या गावचे व्यापारी चाचा, त्यांच्या बायकोसह. ओहोळ समुद्राला मिळतो तेथे गाडी जमिनीकडे झटकन वळवावी लागे. तुम्ही वळवलीत. भाराने खाली बसलेल्या मडगार्डच्या कडेत टायर अडकला आणि चाक आडवेच राहिले. आपण हवा सोडली, मडगार्ड ठोकून पाहिला. जॅक लावला तो वाळूत बुडाला.

आता प्रमाण. चाचा चालत गावात गेले आणि बैलजोडी घेऊन परतले. तोवर कोळणीने आपल्या टोपल्या एकेक करून सुरूच्या झाडांखाली नेल्या. बैल जुंपले गेले, तरीही पाणी दूरच होते. बैलांनी जोर लावला, पण आडवे चाक फिरेना. नांगरासारखे ते वाळूत अधिकच खोल गेले. वेळ चुकली असती तर पाणी बैलांच्या आधी आले असते. ते तुम्ही सांगितल्या वेळीच आले.

हे प्रमाण त्या कोळणीलाही दिसत होते. ती म्हणाली, "अण्णा, पानी तर अजून लांब हाय. मंग झालं काय?"

मडगार्डवर रबराचा काळा ओरखडा उमटला होता. तुम्ही त्याच्याकडे पाहता, मग माझ्याकडे पाहता, आणि तिला म्हणता, "वेळ चुकली माझी, बाय."

ती एकदा पाण्याकडे बघून आपल्या टोपल्यांकडे गेली. टायरचे नाव मीही काढले नाही. पाणी इंजिनात शिरले तेव्हा तुम्ही माझी ट्रंक डोक्यावर घेऊन किनाऱ्याकडे चालला होता. बोट चुकेल म्हणून मला घाई करत होता.

त्यानंतर चहाच्या दुकानात तुम्हाला पाहिले की कोणीतरी हमखास विचारी, "अण्णा, आज चंद्र कुठं हाय?" आणि बाकडी हसत. तुम्हीही हसत असा. पुढे तुम्ही माणगावला दुसऱ्याची लॉरी हाकलीत, समुद्रापासून दूर. एका सुट्टीत आईने सहज विचारले, पाणी केव्हा हटेल, शिंपल्या काढायला जायचे आहे. तुम्ही म्हणालात, "कोळ्यांना विचार."

साध्य सिद्ध झाले, असे मी मानतो. पण हे सारे ज्याला पहिल्या क्षणापासून ठाऊक होते त्यालाच मी ते पटवून देतो आहे. ज्यांना सांगायला हवे होते, ते तुमच्या दहाव्याला ओहोळाकाठी जमले होते. त्यातले एक वृद्ध गृहस्थ मला म्हणाले, "मोटार हाकावी तर तुझ्या बापानं. ती एक भरती तेवढी चुकली बघ त्याची." सगळे माझ्याकडे पाहत होते. बोलायला वेळ होता.

मी "हो" म्हणालो. ती माझी चूक.

तुमचा मुलगा