आभाळाची चौकशी

आबा, तुमच्याशी एक भांडण करायचं राहून गेलं आहे. तुम्ही गेलात तेव्हा मी दोन लेकरांची आई होते, घरात रडणाऱ्या बायका बसल्या होत्या, तेव्हा भांडता आलं नाही. आता भांडते. मी बोलते आणि माझी नात, म्हणजे तुमची पणती, लिहिते. ती बारामतीला कॉलेजला जाते. मी 'न्हाय' म्हणाले की ही 'नाही' लिहिते. मी म्हटलं, "आगं, आबास्नी कळाया नगं का त्यांचीच लेक बोलतीय ते?" तर म्हणते, "आजी, तू बोल, मी नीट करते." करू दे. तुम्ही मला शाळेत घातलं असतं तर माझं मीच नीट केलं असतं. धाकट्या भावाला पाटी आणलीत आणि मला म्हशीमागं धाडलंत. पण आजचं भांडण त्या पाटीचं नाही.

यंदा आपल्याकडं आभाळात दिवे दिसायला लागले. चांदण्या नव्हेत, विमानही नव्हे. दिवेलागण झाली, लोक जेवायला बसले की उसाच्या वर लाल-हिरवे दिवे यायचे, एका जागी थांबायचे, सरकायचे आणि कॅनॉलच्या अंगाला जाऊन दिसेनासे व्हायचे. मीही बाजेवर बसून बघितले. आधी लासुर्ण्याकडं दिसले म्हणे, मग निमगाव केतकीच्या बाजारात हीच बोलणी, मग डाळजच्या पाहुण्यांचे फोन. पोरं सांगतात, हे ड्रोन, कॅमेरा लावलेलं उडतं यंत्र. चोर वरून घरं हेरून ठेवतात आणि मग येतात. मी म्हटलं, आपल्या घरात वरून हेरण्यासारखं काय आहे? पत्र्यावर वाळत घातलेल्या कुरडया? पण गाव ऐकायच्या मनःस्थितीत नव्हतं. एकाला दिवा सुपाएवढा दिसला, दुसऱ्याला परातीएवढा. सरपंचाच्या दिव्याला तर आवाजही होता, पिठाच्या गिरणीसारखा. सरपंचाचा दिवा मुका कसा असेल?

मग पोरांनी गस्त काढली. काठ्या, शिट्ट्या, मोबाईलवर ग्रुप. तुमचा पणतू, म्हणजे ही लिहिते आहे तिचा भाऊ, सगळ्यांच्या पुढं. तो पोलीस भरतीची तयारी करतो, सकाळी कॅनॉलच्या रस्त्यानं पळतो, आल्यावर आईकडून छाती मोजून घेतो. शिट्टी त्याच्याच गळ्यात. आबा, ही तुमची जागलच की, रात्रीची गावराखण. तुम्ही जी काठी एकदा टाकून दिलीत ती त्यानं हौसेनं हातात घेतली.

आपल्या रानात दर सालाला मेंढरं बसतात. कांदा निघाला की फलटणकडचा एक मेंढका बायकापोरांना घेऊन येतो. रानाला खत होतं, त्यांचा मुक्काम होतो. माणूस कमी बोलणारा, बायको मात्र माझ्या तोडीची. ती मला विचारते, "आजी, दात किती राहिल्यात आता?" मी म्हणते, "तुझ्या नवऱ्याला चावाया पुरतील एवढं हायती." तिच्या हातचा मेंढीच्या दुधाचा चहा माझा नातू चालायला लागल्यापासून पितो आहे. हे तुम्ही ध्यानात ठेवा.

त्या दिवशी त्यांचं घोडं सुटलं. ज्याच्या पाठीवर सगळा संसार असतो ते घोडं. नुकता अंधार पडत होता. मेंढक्यानं डोक्याला बॅटरी बांधली, हल्ली मिळते तशी, आणि शेजारच्या उसाच्या कडेनं घोड्याला हाका मारत निघाला. त्याचा उजेड उसाच्या शेंड्यांवर हललेला मला बाजेवरून दिसत होता. रस्त्यावरच्या पोरांनाही दिसला. शिट्टी झाली. कोणीतरी ओरडलं, "उतरला! ड्रोनवाला खाली उतरला!" आणि सगळे काठ्या घेऊन आपल्या बांधावरून पळाले. मी उठून ओरडले, "आरं थांबा! त्यो आपला मेंढका हाय! घोडं हुडकतोय त्यो!" माझा आवाज तुम्हाला ठाऊक आहे, कॅनॉलच्या पलीकडं जातो. नातू थांबला. त्यानं वळून माझ्याकडं बघितलं. अंगणातल्या बल्बच्या उजेडात मी त्याला दिसले आणि मला तो दिसला. तेवढ्यात मागची पोरं त्याच्यापर्यंत आली. तो परत वळला आणि पहिली काठी त्यानंच घातली. मेंढका नुसता "मी हाय, मी हाय" म्हणत होता. आपलं नाव सांगायचंही त्याला सुचलं नाही.

तेव्हा हे चुकून झालं असं मला कोणी सांगू नये. माणसाचा हात मोडला. बारामतीच्या दवाखान्यात आत लोखंडी पट्टी घालावी लागली. मी त्याच्या बायकोला म्हटलं, "तक्रार दे. मी येते संगं." ती म्हणाली, "नगं आजी. सालाला ह्याच वाटंनं यायचंय आमाला. आज तक्रार दिली तर उद्या रानात कोन बसू दील?" त्या दिवशी तिनं माझी चेष्टा केली नाही. गावातलं कोणी दवाखान्यात गेलं नाही, पण पंचायतीनं पोलीस ठाण्याला अर्ज मात्र लगेच दिला. कशाचा, तर दिव्यांचा. गावानं बरोबर ओळखलं होतं. दिवे खरे ठरले तर पोरांनी गावाची राखण केली, आणि खोटे ठरले तर पोरं गुंड.

हे सगळं चाललेलं असताना मला सारखी चावडी दिसत होती, आबा. मी नऊ-दहा वर्षांची आहे. गावची जागल आपल्याकडं आहे. खळ्यावरून ज्वारीची पोती गेली आहेत. तुम्ही चुलीपाशी आईला हळू आवाजात सांगता, पाटलाच्या पुतण्यानं गाडीत भरली, मी बघितलं. तुम्हाला वाटतं मी झोपले आहे. सकाळी फौजदार येतो. मी तुमची भाकर फडक्यात बांधून चावडीच्या पायरीखाली उभी आहे, वर जायची आपल्याला मुभा नाही. फौजदार विचारतो, "जागल्या, कोण दिसलं?" तुम्ही जमिनीकडं बघून म्हणता, "कोन न्हाय दिसलं, सायब." मग माळावर पाल ठोकून राहिलेल्या एका माणसाला ओढून आणतात आणि माझ्यासमोर मारतात. भाकर माझ्या हातातच आहे. त्याची बायको लेकरू कडेवर घेऊन आपल्या दाराशी आली, आठवतं? "जागल्या तुमीच ना? मग जागं असाल की. सांगा की खरं." तुम्ही आत गेलात. आईनं तिला पाणी दिलं. त्या दिवशी जेवताना मी विचारलं, "आबा, तुमी तर पाटलाच्या पुतण्याला बघितलं हुतं नव्हं?" तुम्ही म्हणालात, "गप. भाकर खा."

पोटासाठी गप्प बसलात, ते मला तेव्हाही कळलं होतं. पण पुढं धम्माची दीक्षा घेतलीत. घरातले देव नदीत सोडलेत, जागलीची काठी चावडीत नेऊन टाकलीत आणि आल्यावर आम्हाला म्हणालात, "आता आपन कुनाचं ताबेदार न्हाय." मला वाटलं, आता सांगतील. आज सांगतील, उद्या सांगतील. तुम्ही नाही सांगितलंत. तो माणूस तोवर इंदापूरच्या बाजूला बेड्या घालून नेलेला, परत आपल्या माळावर आला नाही. वस्तीत अजून तुमचं नाव निघतं, काठी टाकणारा माणूस म्हणून. लोक सांगतात, मी ऐकून घेते. आत मात्र जळत असते.

तर त्या अर्जावरून ठाण्याचा साहेब आला. तरुण, बोलायला चांगला. पंचायतीत खुर्ची टाकून एकेकाला बोलवायला लागला. मला घेऊन जाताना तुमचा नातू, माझा लेक, म्हणाला, "आये, लाइटीचं काय ते सांग. मेंढक्याचं काढू नगं. पोराची भरती हाय." सून म्हणाली, "एक केस पडली की संपलं त्याचं. मग काय जल्मभर मेंढरं वळू दे व्हय त्याला?" मी म्हटलं, "मेंढरं वळनारा काय वाईट दिसतो तुला?" मला तिचा राग येतो आणि तिचं खरंही वाटतं. ठाण्यात नाव लागलं की भरतीच्या वेळी चौकशीत ते निघतंच, हे मलाही कळतं.

साहेबानं विचारलं, "आजी, दिवा केवढा होता?"

"मी काय त्याच्या घरी गेलते का, सायब?"

शिपाई हसला. "किती उंचीवर होता?"

"नारळीच्या वर आन चंद्राच्या खाली. मधलं तुमी मोजा."

"आवाज आला?"

"आला. पन त्यो वरनं न्हाय आला. खालनं आला. मानूस वरडत हुता."

मग मी सगळं सांगितलं. घोडं, बॅटरी, मी मारलेली हाक. पहिली काठी माझ्या नातवाची, हेही सांगितलं. लेक दारात उभा होता, तो बाहेर निघून गेला. सरपंच म्हणाला, "म्हातारीचं डोळं गेल्यात, सायब." मी म्हटलं, "मग दिवं कसं दिसलं मला? तवा तर 'आजी, सांगा सांगा' करत हुतास. दिव्यापुरतं डोळं हायत आन मानसापुरतं न्हायत व्हय?"

साहेबानं पेन खाली ठेवलं. "आजी, त्या माणसाची तक्रार आहे का?"

"त्यो देनार न्हाय. मी देते."

"मग ठाण्यात येऊन द्या. मी आज दिव्यांच्या चौकशीला आलोय. हे त्यात बसत नाही." आणि त्यानं लिहिलेलं वाचून दाखवलं. सायंकाळी आकाशात लाल व हिरवे दिवे पाहिले. दिवे कॅनॉलच्या दिशेनं गेले. आवाज ऐकला नाही. एवढंच. आवाज ऐकला नाही! मी अंगठा दिला.

आता यातलं कोणालाच न सांगितलेलं सांगते, आबा. साहेब वाचत होता आणि मी नातवाचं नाव येतंय का ते ऐकत होते. ते आलं नाही. कागद मिटला गेला आणि मला बरं वाटलं. खरंच बरं वाटलं, उन्हातून सावलीत आल्यासारखं. चिडले ती नंतर, घरी चालत येताना. साहेबावर चिडले, सरपंचावर चिडले, तुमच्यावर तर चिडलेली होतेच. त्या चिडण्यात ते बरं वाटणं कुठंतरी पुरून टाकलं.

घरात सून माझं ताट आदळते आणि पलीकडं जाऊन बसते. नातू माझ्यासमोरून जाताना चप्पल शोधल्यासारखं खाली बघतो. एकदा म्हणाला, "आजी, सगळ्यांच्या म्होरं माझंच नाव घ्यायचं हुतं व्हय?" मी विचारलं, "सगळ्यांच्या म्होरं तूच हुतास का न्हाय?" मेंढरं पुढच्या गावाला गेली. काठी आता मेंढक्याच्या बायकोच्या हातात असते, तो नुसता मागून चालतो, हात गळ्यात बांधलेला. आणि परवा पंचायतीच्या फळ्यावर चौकशीचा निकाल लागला, तो हिनं मला वाचून सांगितला. दिवे कशाचे ते समजून आलं नाही, नागरिकांनी घाबरून जाऊ नये, अफवांवर विश्वास ठेवू नये. आभाळाला काही इजा झाली नाही, हे बरं झालं.

एवढं लिहून ही थांबली आहे. मला म्हणते, "आजी, हे आबांना कशाला? हेच ठाण्यात देऊ. मी लिहिते, तू अंगठा दे. उद्या सकाळच्या एस.टी.नं जाऊ."

मी म्हटलं, "भावाचं नाव लिवशील?"

खाली बघत म्हणाली, "तू सांगितलंस तर लिहीन."

बाहेर नातू पळण्याचा सराव करून आला आहे. हौदावर तोंड धुतो आहे, पाण्याचा आवाज येतो आहे. आबा, इतकी माणसं जिवंत असताना मी तुम्हाला का लिहायला बसले ते आता माझं मलाच कळलं. तुम्ही हे वाचणार नाही, आणि वाचलंत तरी कोणाला सांगणार नाही, एवढी तुमची मला खात्री आहे. तुम्हाला सांगितलं की सांगितल्यासारखंही होतं आणि पोराची भरतीही राहते.

ही विचारते आहे, तक्रारीसाठी दुसरा कागद घेऊ का. मी अजून काही बोललेले नाही.