वारा फिरला, असं मी सांगितलं

१७ नोव्हेंबर, सकाळ

ती. दादा,

साष्टांग नमस्कार. वहिनीला नमस्कार, बाबांच्या पायांवर डोकं. पत्राची सुरुवात अशी करायची हे बाबांनीच शिकवलं, म्हणून केली. पुढचं वाचून माझा नमस्कार परत करावासा वाटला तर खुशाल कर.

तुझं पत्र मिळालं. वहिनीने पाठवलेले मोजेही मिळाले, घालूनच लिहायला बसले आहे. बाबा डाव्या हाताने चमचा धरू लागले हे वाचून बरं वाटलं. त्याच्या पुढच्या ओळीत तू लिहिलंस, ‘बोलणं मात्र अजून नाही. पण तू मनाला लावून घेऊ नकोस. वाऱ्यापुढे कुणाचं काय चालतं?’ ती ओळ मी बोटाने झाकली आणि बाकीचं पत्र वाचलं.

इथलं सगळं ठीक. खोलीच्या खिडकीची तडकलेली काच शेवटी घरमालकाने बदलली. ऑफिसच्या लॉबीत नवा गालिचा आलाय. त्याला डिंकासारखा वास येतो आणि तो वास जेवणाच्या डब्यापर्यंत पिच्छा सोडत नाही. बाबांचा वायरलेस सेट अजून तिथेच आहे, दारातून आत आल्याबरोबर, काचेच्या पेटीत. वर दिवा सोडलाय आणि खाली पितळी पाटी: ‘कालपर्यंत’. फक्त तेवढंच. आलेला प्रत्येक जण त्याच्याशेजारी उभा राहून फोटो काढतो, आणि मी रोज मान खाली घालून तिथून जाते.

तो सेट मीच नेला, आठवतं ना? उन्हाळ्यात आले होते तेव्हा. तीस वर्षं बाबा त्याच्यावरून खालच्या चौकीशी बोलत होते. पूर आला, कुणी कड्यावरून पडलं, कुणाचं बाळंतपण अडलं की सगळं खोरं आधी आपल्या ओट्यावर यायचं. आणि मी म्हणाले, “बाबा, आता आकाशातून इंटरनेट येतंय. फोनवर डॉक्टर समोर दिसेल. या खोक्याचं काय करायचंय?”

“खोकं म्हणू नकोस,” बाबा म्हणाले, “ते बोलतं.”

तू मध्ये पडलास, “राहू दे की कोपऱ्यात. खायला मागतंय का?” त्यावर मी तुला काय म्हणाले तेही आठवत असेल. ‘तुम्हाला जुन्याचाच पुळका.’ शेवटी बाबा हसले आणि म्हणाले, “टिटवी पाय वर करून झोपते, आकाश पडलं तर पेलता यावं म्हणून. आमच्या टिटवीने खरंच आकाशाचं काम धरलंय. ने बाई.” स्वतः पुसून, वायर नीट गुंडाळून त्यांनी तो माझ्या हातात दिला. माझ्या ऑफिसात बाबांची वस्तू दिसावी, चार माणसांनी ती कुणाची म्हणून विचारावं, एवढीच माझी हौस होती. कंपनीने फक्त ‘एखादी जुनी वस्तू असेल तर बघा’ म्हटलं होतं.

आता थोडं कामाविषयी. तुला ते कधी नीट सांगितलं नाही. आपल्या खोऱ्याला इंटरनेट येतं ते आकाशात सोडलेल्या फुग्यावरून, आणि फुग्याला इंजिन नसतं. वीस किलोमीटर वर वाऱ्याचे थर असतात. एक पूर्वेला वाहतो, त्याच्या खालचा उत्तरेला, असे. आम्ही इथे पडद्यासमोर बसून फुगा वर किंवा खाली करतो, म्हणजे कुठल्या वाऱ्यावर बसायचं ते ठरवतो. म्हणून ‘वारा फिरला’ हे वाक्य आमच्या धंद्यात पूर्ण खरं क्वचितच असतं.

तू दवाखान्यातून फोन केलास तेव्हा हे तुला कळणं शक्य नव्हतं, हे मला माहीत होतं.

इथे थांबते. हात आखडलाय असं लिहिणार होते. तो आखडलेला नाही.

१८ नोव्हेंबर, सकाळ

दादा, वारा फिरला नव्हता. फुगा मी नेला.

९ ऑक्टोबरला कंपनीत बडे पाहुणे येणार होते. त्यांना दुर्बिणीतून फुगा दाखवायचा होता, आणि सगळ्यात जवळचा फुगा आपल्या खोऱ्यावरचा होता. साहेबांनी मला विचारलं, “होईल का?” हुकूम नव्हता. नाही म्हणायला जागा होती. मी म्हणाले, “बघते.” ८ तारखेला दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी मी बटण दाबलं. नोंदवहीत आदेशाच्या रकान्यात ‘वर’ असं लिहिलंय आणि पुढे माझी सही आहे. त्या पानाची नक्कल सोबत ठेवली आहे. खोऱ्यात आधी कळवायला हवं होतं, तसा नियमच आहे. ‘एका दिवसाने काय बिघडतंय’ असं मनात म्हणून मी तेही टाळलं.

पाहुण्यांना मोठ्या पडद्यावर ‘दुर्गम भागातला मेंढपाळ’ फोनवर बोलताना दाखवला. तो आमचा जीपचा ड्रायव्हर होता. साहेबांच्या बायकोची शाल पांघरून इमारतीच्या मागच्या टेकाडावर उभा होता. एका बाईंनी विचारलं, “मेंढ्या कुठायत?” साहेब म्हणाले, “चरायला गेल्यात.” सगळे हसले. मीही हसले. मग केक कापला. फुग्याच्याच आकाराचा होता, पांढरं क्रीम लावलेला, आणि मला नेमका फुग्याखाली लटकणाऱ्या यंत्राचा तुकडा आला. मी तो संपवला. बोटही चाटलं असेन.

तेव्हा साडेअकरा झाले होते. तू सांगितलेली वेळ आणि ही वेळ मी शेजारी शेजारी लिहून पाहिली आहे. साडेअकरालाच बाबा चुलीपाशी पडले. वहिनी फोन घेऊन वरच्या खडकापर्यंत धावली. रेंज नाही म्हणून ती फोन उंच धरून तिथेच उभी राहिली. आणि मग तुम्ही चौघांनी खाट उचलली. सेट घरात असता तर चौकीची गाडी नदीच्या उतारापर्यंत आली असती, दोन तासांत बाबा दवाखान्यात असते. तुम्ही अकरा तास चाललात. डॉक्टर तुला म्हणाले, “तीन तासांत आणलं असतं तर वाचा राहिली असती.” तू ते मला फोनवर सांगितलंस, आणि मी काय म्हणाले? “वारा फिरला रे दादा, आपल्या हातात नसतं.” तू माझीच समजूत काढलीस. मी ती काढू दिली.

फुगा नेल्यावर परतीचा वारा खरंच चार दिवस मिळाला नाही. त्या चार दिवसांच्या खऱ्याआड मी पहिल्या दिवसाचं खोटं लपवलं. कंपनीचा अहवालही मीच लिहिला: ‘प्रतिकूल वाऱ्यामुळे पाच दिवस सेवा खंडित.’ भाषा बघ, किती धुतलेली.

वीस वर्षं मी डायरी लिहिते. भाजीवाल्याशी चढ्या आवाजात बोलले तरी तिथे कबूल करते. काल ९ ऑक्टोबरचं पान उघडलं. ‘कार्यक्रम छान झाला. केक जरा गोड होता.’ पुढचं पान, ज्या दिवशी तुझा फोन आला, ते कोरं आहे. मला माझ्या त्या प्रामाणिक डायरीची किळस आली. कुणाला दाखवायला मी इतकी वर्षं ती लिहीत होते?

सोमवारी साहेबांकडे गेले. म्हटलं, अहवाल दुरुस्त करायचाय, फुगा आपण हलवला होता. ते चहा ढवळत राहिले. “अहो मॅडम, शेवटी नेलं वाऱ्यानेच ना? आपण फक्त वर सोडलं.” नंतर हळूच म्हणाले, “वडिलांचं असं झालंय म्हणून तुम्ही हळव्या झाल्यात. दुसऱ्या कुणाचे वडील असते तर आला असता का तुम्ही?”

तोंडावर मारावं असा माणूस, आणि प्रश्न मात्र रास्त. खोऱ्यात एकशे चाळीस घरं आहेत. त्या दिवशी आणखी कोण कोण फोन उंच धरून उभं होतं, हे मी आजपर्यंत विचारलेलं नाही. दुरुस्त अहवाल मी त्यांच्या वरच्या कचेरीत पाठवलाय. नोकरी जाईल. त्याचं मोठेपण मला नको.

आता सेटचं. काल जेवणाच्या सुट्टीत मी पेटीचे स्क्रू काढले. लॉबीत माणसं होती. कुणी अडवलं नाही, त्यांना वाटलं साफसफाई चाललीय. सेट या पत्रासोबत येतोय, तोच ड्रायव्हर घेऊन येतोय. त्याला मी सगळं सांगितलं. तो म्हणाला, “ताई, त्या शालीच्या सेंटचा वास अजून माझ्या नाकातनं जात नाही. मीच नेतो.” त्याला घरात घे. त्याला फक्त उभं राहायला सांगितलं होतं.

बॅटरी नवीन आहे. वायर बाबांनी गुंडाळली होती तशीच आहे, मी सोडवली नाही.

बाबा आपल्याला लहानपणी शिकवायचे, बोलायचं नसेल किंवा बोलता येत नसेल तर बटण नुसतं दोनदा दाबायचं. समोरच्याला खटखट ऐकू येते, आणि त्याला कळतं की आपलं ऐकलं. मी रजा टाकली आहे; रविवारपासून रोज संध्याकाळी सहा वाजता मी खालच्या चौकीत बसणार आहे, तिथल्या सेटपाशी. चौकीदाराने परवानगी दिली आहे. तू हे पत्र बाबांना वाचून दाखवू नकोस, एवढी एकच विनंती. त्यांना सेटपाशी बसव, डावा हात बटणावर ठेव. ८ तारखेची चार वाजून दहा मिनिटं मी त्यांना माझ्या तोंडाने सांगेन, चौकीतले चार लोक ऐकत असतील तरीही.

खटखट म्हणजे माफी नव्हे, हे मला ठाऊक आहे. नुसतं ऐकलं, एवढंच. ती आली नाही तरी दुसऱ्या दिवशी सहाला मी तिथेच असेन. घरी मात्र तू बोलावल्याशिवाय येणार नाही.

बोलून झालं की शेवटी काय म्हणायचं, तेही त्यांनीच शिकवलंय. म्हणजे मी थांबले, आता समोरच्याने बोलायचं.

टिटवी.
ओव्हर.