बिग पिक्चर जॉबर

३ जून, मंगळवार

टॉवेलचा कारखाना बंद पडून दोन महिने झाले. एकोणीस वर्षं तिथं जॉबर होतो, बिघडलेले माग दुरुस्त करायचो. आता घरात बसून बायकोचा डोळा चुकवतोय. डोकं नुसतं तापतंय.

आजपासून एसी-फ्रिज दुरुस्तीचा कोर्स. सव्वीसला प्रॅक्टिकल. पहिला येईल त्याला मोहोळच्या दूध शीतकरण केंद्रात कायमची नोकरी. नोकरी माझीच. बाकीचे नुसते गर्दीला.

४ जून

मोबाइलवर टेस्ट दिली. 'तुमची विचार करण्याची पद्धत ओळखा, नवं करिअर घडवा.' दहा प्रश्न. तुम्ही आधी झाड पाहता की जंगल? आमच्या कुंभारी गावात जंगल कुठलं? तरी जंगलच दाबलं. निकाल : तुम्ही बिग पिक्चर थिंकर आहात, बारीकसारीक तपशिलात अडकू नका.

एकोणीस वर्षं मला नटबोल्टात अडकवून ठेवलं की लेकांनी!

सोजरला वाचून दाखवलं. ती म्हणाली, ते ऱ्हाऊ द्या, आदी मिक्सर बगा, लई घरघरतोय. ह्या बाईशी संसार करतोय मी.

९ जून, सोमवार

वर्गात मल्लप्पा म्हणून एक आहे. माझ्याच वयाचा, परवापर्यंत मेंढरं राखायचा. संध्याकाळी मोजून आत घ्यायची सवय, ती इथं चालवतोय. एकेक स्क्रू वहीत लिहितो. त्याला समजावलं, ही कारकुनी बुद्धी झाली. म्हणाला, लिवल्याबिगर माज्या ध्यानात ऱ्हात न्हाय की अण्णा.

आपली उणीव अशी चारचौघांत सांगतात का?

१४ जून, शनिवार

शॉक बसला. मेन स्विच चालू ठेवून एसीत हात घातला होता. मग काय करणार? जॉबर माग चालू असतानाच कान लावतो, तेव्हा दोष सापडतो. बंद मशीन काय बोलणार, कपाळ? कोर्सच्या ऋतुजा मॅडम सगळ्यांसमोर ओरडल्या. चोवीस वर्षांची पोर मला शिकवणार!

निश्चय : त्या वर्गाची पायरी पुन्हा चढणार नाही.

१६ जून

चढलो. घरी मेहुणे आलेत.

१९ जून, गुरुवार

मॅडम म्हणाल्या, तिसऱ्या मशीनचा पंखा घासतोय हे तुम्ही दारातूनच ओळखलंत, तुमचा विचार कानानं चालतो, तेच धरून शिका. कानानं! म्हणजे डोक्यानं नाही, असंच ना? टोमणे कळतात मला.

घरी येऊन टेस्ट पुन्हा दिली. पुन्हा बिग पिक्चर. (उत्तरं तीच दिली, खात्रीसाठी.)

२६ जून, सायंकाळी ६

परीक्षा झाली. बाहेरचे साहेब आले होते. मशीन एकच, एकेकाला आत बोलवून दोष विचारत होते. आत पाऊल टाकलं आणि ऐकू आलं : खालचा डावा बोल्ट ढिला. पण बोल्ट म्हणजे तपशील. मी साहेबांना सलग सात मिनिटं मोठं चित्र दाखवलं. तापमान, विजेचा दाब, देशाची परिस्थिती. शेवटी सांगितलं, अख्खं युनिटच बदला. साहेब अवाक. दोनदा घड्याळ बघितलं.

मल्लप्पा वही घेऊन आत गेला तो पाऊण तास बाहेर आला नाही. कीव आली बिचाऱ्याची.

२७ जून, शुक्रवार

मल्लप्पा पहिला. वहीतला एकेक स्क्रू तपासत गेला आणि बोल्ट सापडला. माझ्या नावापुढं शेरा : न तपासता युनिट बदलायला सांगितले. नापास.

अरे, तपासायचं कशाला? मला दारातच ऐकू आलं होतं! साहेब गाढव, मॅडम गाढव, तो मोबाइल तर महागाढव. घरी येऊन हे सगळं सोजरला ओरडून सांगितलं.

ती म्हणाली, आवाज खरंच ऐकू आल्ता का?

म्हटलं, व्हय.

मग सांगितला का न्हाय?

एवढं विचारून ती पीठ मळत बसली. दोन शब्द बोलली असती तर भांडता तरी आलं असतं.