तात्यांची झील

लोणी भापकर,
२० डिसेंबर १९९८

चि. अविराजला रोहिणीचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. तिकडे बर्फ पडलाय म्हणतोस, तर कानटोपी घाल. ऐट करायला आयुष्य पडलंय. इकडे ज्वारी हुरड्यावर आलीय. आई जेवते, पण सांगावं लागतं.

आबांच्या शेवटच्या कार्यक्रमाची टेप तुझ्या प्रोफेसरांना हवीय म्हणे. बाप जाऊन महिना झाला नाही आणि तुला टेप! दोन दिवस धुमसत होते. मग वाटलं, तुला ठाऊक तरी काय आहे? फोनवर मी "जागच्या जागी गेले" एवढंच सांगितलं होतं. ते खोटं होतं.

भवानीनगरला भर दुपारी कार्यक्रम होता. तू जोडून दिलंस तसं सगळं मी जोडलं. तुणतुण्याला तारेची थरथर पकडणारं तुझं पिकअप, तिथून वायर कॉम्प्युटरला. आबांनी तार छेडली की कॉम्प्युटर त्याच लयीत, तू भरून ठेवलेल्या म्हस्कूतात्यांच्या आवाजात ओळीचा शेवट उचलून झील द्यायचा. तीस वर्षं भावामागं उभं राहून झील धरणारे तात्या त्या दिवशी लोकांत मागे बसले. "पेटीत मी हायच की. मग तितं कशाला उभा ऱ्हाऊ?" कॉम्प्युटरकडं बोट करून हसून म्हणाले, पण मला ते लागलं.

तिसऱ्या गाण्यात आबा गाता गाता खाली बसले. तुणतुणं छातीशी घट्ट धरलेलं, बोटं तारेवर थरथरत होती. कॉम्प्युटरला वाटलं, लय चढली. "जी जी रं जी", भराभर सुरू झालं. लोकांनी शिट्ट्या मारल्या. मलाही वाटलं, आबा रंगात आले.

अवि, मी आवाज वाढवला.

मागून तात्या हात करत, ओरडत धावत येत होते. पण स्पीकरमधल्या त्यांच्याच आवाजापुढं त्यांचं कोणाला ऐकू जाणार? मी त्यांचे हलणारे ओठ पाहिले आणि मला वाटलं, राहवलं नाही म्हणून तेही झील धरताहेत.

गर्दीतून तात्या आबांपर्यंत पोचेस्तोवर चार मिनिटं गेली. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, जरा आधी आणलं असतं तर. पुढचं मी ऐकलं नाही.

घरी आल्यावर तात्या एवढंच म्हणाले, "झीलकऱ्यानं तारंवर इसंबायचं नसतं, पोरी. खांद्याकडं बघायचं असतं. दादाचा खांदा कवाच पडला व्हता."

तुझ्या यंत्राला दोष देत नाही. त्याला डोळे नव्हते. मला होते.

टेप मागू नकोस. तात्या आता कोणाशी बोलत नाहीत. काल मात्र कॉम्प्युटरसमोर येऊन बसले. "माजा आवाज काढ यातनं. दादासाठी रडाया तोंड उघडलं, की मला त्योच ऐकू येतुय."

मला काढता येत नाही, अवि. कसा पुसायचा ते उलटटपाली कळव. बाकी काही लिहिलं नाहीस तरी चालेल.

तुझी,
रोहिणी
(ताई म्हणायचं की नाही, ते आता तू ठरव.)