औषधशास्त्राचे उष्णस्नान

स्वस्ति श्री सकलनौकाशास्त्रपारंगत, पाइकमत्स्यकुलान्तक, मशकमर्दन, त्रिकालकॉफीप्राशक, पुरुवेसीसरोवरतीरभूषण तीर्थस्वरूप तैस्तो दाजी यांच्या चरणी धाकटा मेहुणा रेइयो याचे मस्तक (अंमळ भाजलेले) सादर असो. हेल्वीताईचा गुडघा आता जिना चढू देतो असे कळले, परमसंतोष जाहला.

इकडील वर्तमान असे. पाठ्यपुस्तके यापुढे छापील असावीत की पडद्यावरची, हा प्रश्न आमच्या महाविद्यालयाने एका समितीकडे सोपविला आणि अध्यक्षपद अस्मादिकांकडे. (उरलेले सभासद त्या दिवशी उशिरा आले; मी दुर्दैवाने वेळेवर पोचलो.) त्याच सुमारास आपली भाची पिह्ला परिचारिकेच्या अभ्यासक्रमात औषधशास्त्रात नापास झाली. मंगळवारी पुनर्परीक्षा, तीही हुकली तर अख्खे वर्ष पुन्हा. म्हणून पोर टॅब्लेट आणि जाडजूड ग्रंथ दोन्ही घेऊन सरोवराकाठच्या घरी येऊन बसली, आणि वाचलेले विसरून रडकुंडीला येऊ लागली.

शनिवारी प्रथेप्रमाणे सौना, म्हणजे आपले वाफेचे न्हाणीघर, तापविला. मनुष्य जेथे विचार करतो तेथे पुस्तक टिकले पाहिजे, आणि आपल्याकडला मनुष्य सौनातच विचार करतो. सबब समितीच्या कार्यार्थ निष्पक्ष परीक्षण करावे, असे मनात आले. पिह्ला होडीत होती. (संमती घेण्याचे राहून गेले.) दोन्ही ग्रंथ घेऊन मी वरच्या बाकावर आरूढ झालो. टॅब्लेटने उष्णतेची तक्रार करून तत्काळ समाधी घेतली. छापील परंपरेच्या विजयार्थ मी तप्त दगडांवर आणखी एक डावभर पाणी ओतून मूत्रपिंडाचे प्रकरण मोठ्याने वाचू लागलो. तोच वाफेने पुठ्ठ्याचा डिंक विरघळला आणि संपूर्ण औषधशास्त्र माझ्या अंगाखांद्यांवर कोसळले. थायरॉइडचे एक पान भट्टीने स्वाहा केले.

मी पंचा गुंडाळून बाहेर धावलो, तर धक्क्यावर पिह्ला उभी.

"बाबा, हलू नकोस. पाठीवर यकृत चिकटलंय!"

"अहो अध्यक्षमहाराज," आमच्या सौभाग्यवती ओर्वोक्की म्हणाल्या, "पोटावरही काहीतरी आहे. मोठ्या अक्षरातलं."

तिघांनी मिळून ओली पाने दोऱ्यांवर, कुंपणावर आणि मासे धरायच्या जाळ्यावर वाळत घातली. मग जूनच्या न मावळणाऱ्या उजेडात पिह्ला पानांमधून फिरू लागली. आणि दाजी, तिला आठवू लागले! हृदयाची औषधे बर्चच्या झाडापासून धक्क्यापर्यंत, वेदनाशामके लाकडांच्या ढिगाशी. तळघरात थंड होऊन टॅब्लेटही शुद्धीवर आला. त्यात तिने जळालेले पान क्षणात शोधले, हाताने उतरवले आणि जाळ्यावर लटकवले. आईने प्रश्न विचारावा, हिने डोळे मिटून नेमक्या दिशेला बोट दाखवून उत्तर द्यावे. वसंतानंतर पोर प्रथमच हसली. माझा अहवाल तयार आहे: लक्षात ठेवायला कागद, शोधायला पडदा, आणि प्रत्येक विद्यार्थ्याला दोन्ही. मंगळवारची मला आता भीती वाटत नाही.

आपला आज्ञाधारक (स्वतःच्या घरी विशेषतः),
रेइयो

ता. क. पत्राचे खरे प्रयोजन: तो ग्रंथ ग्रंथालयाचा असून माझ्याच नावावर आणलेला आहे. आपल्याकडील नावेचा डिंक आणि पाने आवळून धरायचे चार शिकंजे त्वरित घेऊन यावे.

पुनश्च: त्वरित नको. मंगळवारपर्यंत एक पान जरी हलले तरी हृदयाची औषधे विसरली जातील, अशी कन्येची आज्ञा आहे. सोमवारी समितीची सभा. माझी एकमेव सभ्य विजार धुऊन ओली पडली आहे आणि वितभर दोरी मोकळी नाही. "पडद्यावरून सभा घ्या, कमरेवरचंच दिसतं," असे ओर्वोक्की सुचविते. परंतु सर्वांनी प्रत्यक्षच हजर राहावे, असा ठराव मीच मंजूर करून घेतला आहे. चुलीवर धरली तर धुराचा वास येतो. गादीखाली ठेवली तर गादी ओली होते. सबब डिंकाआधी आपली एखादी कोरडी विजार घेऊन यावे.