गळ्यातली शिट्टी

रविवार, ता. १४

लाडके धाकटे,

रागावलेली असले तरी आशीर्वाद आधी. अक्षर ओळखून पाकीट फेकू नकोस. आत टणक काहीतरी आहे, ते हाताला लागलंच असेल. मी बरी आहे. गुडघा कुरकुरतो, क्लोरीनने केसांचा झाडू झालाय, पण पोरं पाण्यात उतरली की सगळं विसरते. तुझ्या पिटुकलीचा खोकला गेला का? एवढं तरी कळव.

परवा एक आई सव्वा वर्षाचं बाळ कडेवर घेऊन तलावावर आली. नेहमीचाच प्रश्न, "बाई, कितव्या वर्षी घालावं पोहायला?" मीही नेहमीचंच सांगितलं. वर्षाचं झालं की आईला बिलगून पाण्याशी ओळख, चौथ्याच्या आसपास नीट शिकवणी, आणि पोहता येवो न येवो, हाताच्या अंतरावर एक मोठं माणूस हवंच. सांगता सांगता मी टॉवेलने नाक-डोळे पुसले. तिला वाटलं, नाकात पाणी गेलं.

तुझी चिठ्ठी मिळाली. 'पिटुकली पुन्हा कधीच पाण्यात उतरणार नाही, आणि तू आमच्या दारात पाय ठेवायचा नाहीस.' वा गं वा! याला म्हणतात चोराच्या उलट्या बोंबा.

त्या दुपारी तुमच्या इमारतीच्या तलावाकाठी मी माझी शिट्टी तुझ्या गळ्यात घातली. आपल्या घरचा नियम, मीच केलेला: शिट्टी ज्याच्या गळ्यात, पाणी त्याचं. गप्पा नाहीत, फोन नाही. मी म्हटलं, "पाणी तुझ्याकडे." तू म्हणालीस, "माझ्याकडे." मग मी टॉवेल आणायला गेले.

परत आले तेव्हा तू पाठमोरी उभी राहून फोनवर पडद्यांच्या रंगावरून हुज्जत घालत होतीस. पिटुकली तळाशी होती. ना ओरडली, ना हातपाय आपटले. पोरं अशीच बुडतात गं, गुपचूप. मी कपड्यांसकट उडी मारली.

दवाखान्यात तिने डोळे उघडले आणि तुझ्या नवऱ्याने विचारलं, "लक्ष कुणाचं होतं?" फरशीकडे बघत तू म्हणालीस, "ताईचं." शिट्टी तेव्हाही तुझ्याच गळ्यात होती, ओढणीखाली. नंतर जिन्यात ती माझ्या मुठीत कोंबलीस. "ताई, सांभाळून घे. तुला ना मूल ना बाळ, तुझं काय जातंय?"

काय गेलं ते ऐक. अकरा पोरांच्या वर्गात चार उरली. आई फोन उचलते, "हं" म्हणते, ठेवून देते. ज्या धाकटीला मी मांडीवर थोपटून झोपवलं, तिनेच केसाने गळा कापला. भांडी घासताना हे आठवतं आणि हातातला पेला आपटावासा वाटतो. एकदा आपटलाही.

मी तोंड का उघडलं नाही, हे तू एकदाही विचारलं नाहीस. मीही काही धुतल्या तांदळासारखी नाही. आदल्याच आठवड्यात पिटुकलीने माझा हात सोडून चार हात मारले, तेव्हा छाती फुगवून मीच तुला म्हणाले होते, "बेडूक झालीय नुसती, आता बुडायची नाही!" साडेतीन वर्षांच्या पोरीबद्दल! दुसऱ्या कुठल्याही आईशी असं बोलायला मी जन्मात धजले नसते. भाचीच्या कौतुकात जीभ सैल सुटली. तू निर्धास्त पाठ फिरवलीस, त्यात माझ्या त्या वाक्याचाही वाटा आहे.

तेवढं माझं, मी कबूल केलं. उरलेलं तुझं. ते नवऱ्याला कधी सांगायचं, आईला कधी, ते तू बघ. मला वाईट ठरवून तुला झोप लागत असेल तर लागो. पण पोरीला त्यापायी पाण्यापासून तोडू नकोस. तुमच्या खिडकीतून तलाव दिसतो, आज ना उद्या ती काठाशी जाणारच. भीती कुणाला पाण्यावर तरंगत ठेवत नाही. माझ्याकडे नको तर दुसऱ्या कुणाकडे पाठव, पण शिकव. आणि ती पाण्यात असेल तेवढा वेळ काठावर तू बस, फोन घरी ठेवून.

पाकिटात शिट्टी आहे. दोरी नवी घातली आहे.

पाणी तुझ्याकडे.

तरीही तुझीच,
ताई